विश्राम अर्जुन सारंग, ऊर्फ घोरपड

घोरपडी, आज सकाळी तुझ्या घरापुढच्या खळ्यात भटजींनी तुझं नाव विचारलं आणि जमलेल्या तीस-चाळीस माणसांत एकालाही ते सांगता आलं नाही.

आज तुझा दहावा. गेलास त्या दिवशी भटजी परगावी होते, तेव्हा आपलं आपणच कसंबसं उरकलं होतं. त्यामुळे नाव विचारायची वेळ आजच आली. तुझा धाकटा मामेभाऊ सोवळं नेसून बसला होता. "बाबलो," तो म्हणाला. भटजी म्हणाले, "ते घरातलं झालं. बारशाचं सांगा, बापाच्या नावासकट." मामेभाऊ इकडेतिकडे बघायला लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "घोरपड म्हणा मा, पंचक्रोशीत तांच चलतां." भटजी भडकले. "म्हणजे आता घोरपडीच्या नावाने पिंड देऊ काय?" दोघेतिघे हसले आणि लगेच गप्प झाले. आपण दोघं तिथे असतो तर खालच्या माडात जाऊन पोट धरधरून हसलो असतो.

दाराआड तुझी बायको उभी होती. तिला नाव ठाऊक होतं. पण जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेली बाई ते आजच कसं घेणार? तिच्या बांगड्या काढल्या होत्या, त्यामुळे ती आहे की नाही तेही कळत नव्हतं.

मग मी बोललो. "विश्राम. विश्राम अर्जुन सारंग." न अडखळता, रोज म्हणत असल्यासारखं. सगळ्यांनी माना वळवल्या. गोत्र मलाही ठाऊक नव्हतं, भटजींनी काश्यप धरलं आणि पुढे चालू केलं.

हे नाव मला कसं ठाऊक, ते तुला सांगायचं राहिलंय. चौदा वर्षं मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. तू होतास तेव्हा सांगायला हवं होतं, हे आता म्हणण्यात काही अर्थ नाही, पण म्हणतो.

तू पाच वर्षांचा असताना आईचं बोट धरून मामाकडे आलास. तुझा बाप तारवावर गेला आणि तारू परत आलंच नाही. मामाने तुला शाळेत घातलं ते बाबलो म्हणून, स्वतःचं आडनाव लावून. तुझं नाव विश्राम आहे हे तू मला, तुझ्या सर्वांत जवळच्या मित्राला, कधीच सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही. बाबलो म्हटलं की तू धावत यायचास, एवढं मला पुरत होतं.

खाडीतला आपला खेळ आठवतो? पाण्याखाली एकमेकांचा हात धरून बसायचं आणि दम कोणाचा आधी संपतो ते बघायचं. माझाच संपायचा. मी वर यायला धडपडायचो आणि तू हात घट्ट धरून ठेवायचास, अजून थोडा, अजून थोडा. वर आल्यावर मी तुला शिव्या घालायचो. तू म्हणायचास, "रे, तुजो दम वाडता हा, तुका कळणा नाय." वाढलाही. पुढे किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीवर हुतुतू खेळताना एका दमात चौघांना शिवून परत यायचो, ती तुझ्या त्या पाण्याखालच्या शाळेची पुण्याई. मी ट्रेनिंग कॉलेजातून मास्तर होऊन आलो, पण इतकं चांगलं शिकवणं मला कधी जमलं नाही.

आपल्या हुतुतूच्या संघातल्या सात जणांत खऱ्या नावाने कोणी उरलाच नव्हता. अंगाने काटकुळा आणि धरायला गेलं की कोपर लागायचं, तो काटेरी माशावरून कर्ली. पुढे दात असलेला मोरी. मोठ्याने घोरत झोपणारा भोंगा. मी शाळेतच गावचं टपाल सांभाळायचो, तिकिटं जिभेने चिकटवायचो, म्हणून मी तिकीट मास्तर. आणि तुझं नाव मी ठेवलं. आचऱ्याकडच्या संघाचा तो रेड्यासारखा गडी आपल्या पाच जणांना झटकून रेघेकडे निघाला होता. तू आडवा पडलास आणि त्याचा घोटा धरलास. त्याने तुला दहा हात फरफटत नेलं, तोंडात वाळू, गुडघे सोललेले, पण घोटा सुटला नाही. मी ओरडलो, "घोरपड! घोरपड चिकाटली!" सगळी पुळण ओरडायला लागली. त्या दिवसापासून बाबलो मेला आणि घोरपड जन्माला आली. लोक तुला बघायला सात मैल चालत यायचे. पोरं शाळेत येईनात तर त्यांच्या आया म्हणायच्या, "जातंस काय बोलवू घोरपडीक?" आणि तू खरोखरच दोघातिघांना बखोटीला धरून माझ्या वर्गात आणून बसवलं होतंस.

नाव ठेवताना मला केवढी धन्यता वाटली होती. माणसाला दिलेलं नाव त्याचं खरं नाव खाऊन टाकतं, हे तेव्हा कुठे कळणार?

मग मालवणचा तो सामना. शेवटची चढाई माझी होती. दोघांना शिवलो, तिसऱ्याने पाय धरला, तरी हात लांबवून रेघ गाठली. पंचांनी आपल्या बाजूने दिलं. समोरचे ओरडायला लागले की दम आधीच तुटला होता. पंच गोंधळले. रेघेजवळ तू उभा होतास. तुला कोणी विचारलंही नव्हतं. तू पुढे झालास आणि म्हणालास, "मास्तराचो दम रेघेच्या आदी तुटलो. मी आयकलंय."

आपण हरलो.

मालवणपासून वाडीपर्यंतची वाट आपण दहा हातांचं अंतर ठेवून चाललो. मी मागे वळून म्हटलं, "तुटला नव्हता." तू म्हणालास, "तुटलो तो तुटलो. माका काय करूक सांगतंस?" मी म्हटलं, "आपल्याच गड्याला पाडणारा मित्र मला नको." वाडीच्या वळणावर तू तुझ्या वाटेला गेलास, मी माझ्या. महिनाभर मी तुझ्याशी बोललो नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा मी. आणि महिन्याने तू माझ्याशी बोललास तेव्हा "तुमी मास्तर" म्हणून बोललास. तोवर "तू" होतो. मग शेवटपर्यंत "तुमी"च राहिलो. हे मला किती लागलं, ते तुला माझ्या तोंडावर दिसलं असेल. मी मान्य केलं असतं तर कदाचित "तू"वर आला असतास. मी केलं नाही.

बाबल्या, दम तुटला होता. तू ऐकलंस ते खरं होतं. मीही ऐकलं होतं.

त्याच महिन्यात ते पत्र आलं. मुंबईच्या एका मिलचा छाप असलेलं लांबट पाकीट. वर पत्ता आपल्या वाडीचा आणि नाव विश्राम अर्जुन सारंग. मिलचं पाकीट बघून मला काही नवल वाटलं नाही, आपल्या दर चार घरांतला एक मिलमध्ये. पण सारंग आडनावाचं घर आपल्या वाडीत नाही. टपाल न्यायला येईल त्याला मी विचारलं, "हा विश्राम सारंग कोण रे?" कोणालाच माहीत नव्हतं. सात दिवस पाकीट माझ्या पेटीत राहिलं. त्या सात दिवसांत शाळेच्या पडवीत न आलेला वाडीतला एकच माणूस होता, तो तू. कारण आपण बोलत नव्हतो. आणि मी ज्याच्या दारात जाऊन विचारलं नाही असा एकच माणूस, तोही तूच. आठव्या दिवशी मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, "या नावाचा इसम गावात नाही." शिक्का मारला आणि पाकीट परत धाडलं.

इथवर ती चूक होती. मी ती वर्षानुवर्षं उलटीपालटी करून बघितली आहे. मला खरंच ठाऊक नव्हतं. शपथ घ्यायला सांगशील तर रवळनाथाच्या पायरीवर घेईन.

पुढची चूक नव्हती. चतुर्थीला मुंबईचे लोक आले, त्यांच्याबरोबर मिलच्या हुतुतू संघाचा, चांगले गडी हेरून त्यांना मिलमध्ये नोकरी देणारा माणूस होता. मालवणच्या त्या सामन्याला तो हजर होता. शाळेत येऊन मला म्हणाला, "मास्तर, तुमची ती घोरपड, विश्राम सारंग, ती कित्याक नाय इली? मी नाव लिवन घेतलंलंय, पत्र धाडूक लायलंय, तां परत इलां." माझ्या हातातली दौत कलंडली. त्याला तू बापाचं नाव सांगितलं होतंस. एका परक्या माणसाला, कागदावर लिहून घ्यायला. आणि पत्र येणार हे तुला ठाऊक होतं. मी विचारलं, "जागा अजून आहे का?" तो म्हणाला, "ती भरली. पण त्याका भेटतंय, पुढच्या वर्साक बघूया." तुझं घर शाळेपासून दोनशे पावलांवर. मी म्हटलं, "तो आज नाही. कसालला गेलाय, उद्या येईल. मी निरोप देतो." त्याला दुपारची बोट पकडायची होती. तो गेला.

तू त्या वेळी मागच्या अंगणात जाळं विणत होतास.

का खोटं बोललो? तू त्याला विचारलं असतंस, पत्र कोणी परत पाठवलं, आणि तो म्हणाला असता, तुमच्या मास्तराने. एवढ्यासाठी. नोकरीची भीती नव्हती मला, तुझी होती. आधीच तू एकदा सगळ्यांसमोर माझा दम तुटल्याचं सांगितलं होतंस. मग मी स्वतःला समजावलं की पुढच्या चतुर्थीला तो येईलच. तो आला नाही. मग तुझं लग्न झालं, तिकडे नांदगावला, तुझी आई, मामा आणि दोन म्हातारी माणसं एवढीच गेली होती, आज त्यांतलं कोणी नाही. मी शाळा तपासायला साहेब येणार म्हणून सांगितलं. साहेब बिहेब कोणी येणार नव्हता. अक्षता टाकताना भटजी तुझं नाव घेणार आणि ते मी ऐकणार, हे मला नको होतं.

हुतुतू सुटला, गुडघे गेले, तू किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, रापणीच्या दोरीला लागलास आणि जत्रेच्या दिवसांत दशावतारात. संकासुराचं सोंग तुझ्याइतकं कोणी केलं नाही. काळा झगा, तोंडावर काळा बुरखा, आणि बोलायला लागलास की देवळाचं आवार डोक्यावर. खोताला काय बोललास, सावकाराला काय बोललास, संयुक्त महाराष्ट्र झाला त्या वर्षी पुढाऱ्यांना काय बोललास! संकासुराला सगळं माफ. आणि दर वर्षी सगळ्यात शेवटी माझ्याकडे वळायचास. मी पुढच्या बाकावर, गावचा मास्तर. "तिकीट मास्तरांनू! माझ्या नावान पोस्टात काय इलां काय?" लोक हसायचे. मी ठरल्यासारखं म्हणायचो, "नाय रे!" तू कपाळावर हात मारायचास, "बरां तर, पुढच्या जत्रेक इचारतंय!" पुन्हा हशा.

बारा जत्रा तू मला हे विचारलंस. बुरख्यामागे तुझे डोळे दिसायचे नाहीत. चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, याला सगळं कळलं आहे. याला कोणीतरी सांगितलं आणि हा मला वर्षातून एकदा, सगळ्या गावासमोर, न बोलता बोलतो आहे. मी घरी येऊन बायकोवर उगाच डाफरायचो. एका वर्षी तर जत्रेला गेलोच नाही, ताप आला म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू पेज घेऊन आलास. "ताप उतारलो मा? काल माका बरां वाटूक नाय, इचारूक कोण नव्हतो." मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो आणि तुझ्या तोंडावर मला काहीच वाचता येईना. मला राग आला तुझा. एवढं ठाऊक असून पेज घेऊन येतो, म्हणजे हा मला किती खाली बघायला लावणार?

मग त्या दिवशी रापण ओढता ओढता तू वाळूत बसलास तो उठलाच नाहीस. मी शाळा सोडून धावत आलो. हातातली दोरी सोडवायला दोघे लागले. मोरी रडत म्हणाला, "घोरपड ती, सोडतली कशी?" मला त्या क्षणी तुझ्या जाण्याच्या दुःखाबरोबर आणखी काय वाटलं ते सांगू? सुटलो, असं वाटलं. आता जत्रेत मला कोणी विचारणार नाही. वाटलं ते वाटलं.

आज व्हाळाच्या ओढ्याकाठी पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभेही राहिलो नाही तोच कावळा शिवला. लोक म्हणाले, "सुखान गेलो. कसली म्हणान इच्छा रवली नाय." मी पण तेच म्हटलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

परत आल्यावर तुझ्या बायकोने मला पडवीत बोलावलं. आत चार बायका होत्या, त्यांना तिने बाहेर पाठवलं.

"मास्तरांनू, ह्यांचा नाव तुमका कसां ठावक? माका सोडून वाडीत कोणाक म्हायत नव्हतां."

मी म्हटलं, "जुन्या कागदात कुठेतरी वाचलं होतं." बघ, अजूनही.

"बरां झालां. माका तां घेवक येणा नाय, जीभ आड येता." मग म्हणाली, "एक सांगू? जत्रेत ह्ये तुमका इचारत, माझ्या नावान काय इलां काय. लोक हसत. ह्यांका तां खरांच इचारूचां आसायचां. मिलवाल्यांचा पत्र येतला म्हणान ह्यांका कोणीतरी कबूल केल्यान होतां. जत्रेसून घराकडे इले की पयलां तांच सांगत. 'नाय इलां गो, औंदाय नाय इलां.'"

ती सांगतच राहिली.

"मी म्हणायचंय, जावन सरळ मास्तरांका इचारा, ते मुंबयक लिवन घालतीत. तर म्हणत, 'कित्याक? इलां आसतां तर तो जेवणावरसून उठान धावत इलो असतो. माझो दोस्त तो.' आणि म्हणत, 'मीच आपल्या गड्याचो दम तुटलो म्हणान सांगलंय, तां त्या मिलवाल्यांका रुचला नसात. तेंका असलो माणूस नको आसात.'"

घोरपडी, तुला काहीच ठाऊक नव्हतं. तू मला टोचत नव्हतास, तू वाट बघत होतास. बारा जत्रा तू खरोखर विचारलंस आणि बारा जत्रा मी खरोखर खोटं सांगितलं, आणि लोक हसले. आणि आपलं पत्र आलं नाही ते आपण खरं बोललो म्हणून, असं समजून तू दोरी ओढत राहिलास. माझं पाप मला ठाऊक होतं, पण ते इतकं मोठं आहे हे आज कळलं. मिल गेली ती गेली. पण तुझ्या खरेपणावर तू स्वतः ठपका ठेवलास, तो माझ्यामुळे.

तिला "येतो" म्हटलं आणि आलो. दुपारपासून हे लिहितोय. जेवलो नाही, बायकोने दोनदा हाक मारली. पाकिटावर तुझं नाव पूर्ण घातलं आहे आणि खाली ऊर्फ घोरपड, म्हणजे कुठल्या शहाण्या पोस्टमास्तराने ते परत धाडायला नको. सूर्य अजून माडांच्या वर आहे. काळोख पडायच्या आत हे मी तुझ्या घरी नेऊन देणार.

पण तिला वाचता येत नाही. वाडीत कोणाचंही पत्र आलं की ते घेऊन बायका माझ्याकडेच येतात, मी वाचतो आणि त्या ऐकतात. तेव्हा हेही मलाच वाचून दाखवावं लागेल, तिच्यासमोर बसून, पहिल्या ओळीपासून. मध्येच दम तुटला, तर तुटला म्हणून या वेळी मीच सांगेन.